नातीचं मूळ पाप

लुचिया ताईस, येशूची स्तुती आणि धाकट्या आगाथाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे प्रार्थनेला वाकत नाहीत, कोबी निवडायला बरोबर वाकतात. (यंदा ऐंशी गड्डे मिरची-लसणात मुरवून किमची घातली.) भावजी औषधाला कुरकुरत असतील तर भातात कालवून दे. मी आमच्यांना तसंच द्यायचे. ते वारले, पण त्यानं नाही.

आता आनंदाची बातमी. माझ्या इन-ग्यूच्या लेकीचा, सो-दामचा बाप्तिस्मा नाताळाच्या आदल्या रविवारी ठरला. पोर दहा महिन्यांची झाली, गाल कसे वाफवलेल्या पावासारखे! मुलीला बाप्तिस्म्याला धरणारी धर्ममाता एकच लागते आणि इथं आम्ही दोघी तयार, मी आणि विहीणबाई. (मार्था, सुनेची आई. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, अजून समोरच्याला बाकावर बसवून बोलतात.) आठ दिवस आम्ही ‘तुम्हीच व्हा’, ‘छे, मान तुमचा’ असं केलं, पण मागं कुणीच सरेना. शेवटी शिन फादर म्हणाले, नाताळाआधी सगळ्यांची धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा घ्यायचीच आहे, जिचं उत्तर बरं ती बाळाला हातात धरेल. ताई, मला आकडे तेवढे जमतात, अक्षरं आली की घाम फुटतो, तुला माहीतच आहे. पण पोरीला दुसरीच्या हातात बघायचं? छे.

फादरांनी विचारलं, मूळ पाप म्हणजे काय? विहीणबाई हात जोडून उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, आपल्या पहिल्या आईबापांनी देवाची आज्ञा मोडली, तो डाग त्यांच्या सगळ्या लेकरांना लागला, बाप्तिस्म्यानं तो धुतला जातो. फादर खूश. मग माझी पाळी. मी म्हटलं, “फादर, या पोरीला रोज मी आंघोळ घालते. डाग असता तर दिसला नसता का?”

सगळे हसले. फादर म्हणाले, “आगाथा आजी, ते पाप तिनं केलेलं नाही, तिला वारशानं आलंय.”

“मग आमच्या बाजूनं नसेल आलेलं,” मी म्हटलं. विहीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तेवढ्यात खाली चटईवर रडारड झाली. सो-दामच्या दोन्ही हातांत फुगवलेल्या तांदळाची एकेक चकती होती. तरी तिनं शेजारणीच्या नातीची तिसरी ओढली आणि न खाता त्या चकतीवरच ठाण मांडून बसली, वर हसतेय! (चार दात आलेत, काय शोभतात!) हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. माझा तर ऊर भरून आला.

फादरांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला. बाप्तिस्म्यानं पाप धुतलं जातं, तर आपण धुतलेली माणसं अजून अशी का? विहीणबाईंचं ते पान बहुतेक पाठ नव्हतं. मी म्हटलं, “किमचीचा डबा घासा, उन्हात वाळवा. किमची गेली. पण उद्या त्यात साखर भरून झाकण उघडा, आधी नाकात काय शिरतं?” फादरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि बाळ मला दिलं.

“अभिनंदन हं,” विहीणबाई म्हणाल्या, “स्वयंपाकघरातून का होईना!” मी त्यांना घरी नेऊन पेज प्यायला बसवलं. शेवटी त्याही आजीच.

रविवारी ये. गरम कपडे आण.

तुझी,
आगाथा

ता.क. धर्ममातेनं आधी पापकबुली द्यावी लागते. दिली. आईची अंबाड्यात खोचायची चांदीची काडी, जी ती तुझ्या नावानं ठेवून गेली आणि ओढ्यात पडली असं मीच सगळ्यांना सांगितलं, ती माझ्या पेटीत आहे. बावन्न वर्षं. फादर म्हणाले, ज्याचं त्याला दिल्याशिवाय मोकळी होणार नाहीस. नाहीतर बाळ विहीणबाईंकडे जाईल.

ता.क. दुसरा. रविवारी फोटो आहे आणि सणाच्या हनबोक पोशाखावर तीच काडी शोभते. तेव्हा परतीच्या टपालानं एवढंच लिही, की ही तू मला कधीचीच दिलीस. ते खोटं होणार नाही, ताई. इथवर वाचेस्तोवर तू मनानं दिलीच असशील.