एक स्वयंपाकघर, एक पाळी

रेसिफे,
१९ फेब्रुवारी

प्रिय मार्लुसी,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील आणि तिकडे फ्लोरिआनोपोलिसला समुद्रावरची गर्दी आता ओसरली असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे.

सप्टेंबरात तुझी बहीण गेल्यानंतर तू आपली नोकरी बाजूला ठेवून इथे येऊन राहिलीस, घर सांभाळलेस आणि मला वेळच्या वेळी जेवायला लावलेस. त्याबद्दल रीतसर आभार मानायचे राहून गेले होते. ते या पत्राने मानतो. तू म्हणशील, "दाजी, ईमेल नावाची एक वस्तू निघाली आहे." निघाली आहे हे मी जाणतो, तिच्यातून मी दिवसभर बस-कंपन्यांच्या तक्रारी वाचतो. आभार कागदावर मानावेत, असे माझे मत आहे.

आता कामाचे. कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी आपली बसच्या तिकिटांची साइट सकाळभर बंद पडली, हे तुझ्या कानावर आलेच. त्यावर तू आपणहून पुढे केलेल्या मदतीच्या हाताबद्दलही ऋणी आहे. मात्र सारी साइट एलिक्सिर या संगणकभाषेत नव्याने लिहावी, हा तुझा प्रस्ताव (निदान मला तो तसा कळला) मी सध्या स्वीकारू शकत नाही. कारणे देतो.

आपली सध्याची पीएचपी जुनी भाषा असली तरी बदनाम होण्याइतकी वाईट नाही. तिच्यावर आजही जगातल्या मोठमोठ्या साइटी चालतात. तिच्यात आणि तिच्यावर बेतलेल्या लाराव्हेलमध्ये काम करणारी माणसे रेसिफेत हवी तेवढी मिळतात, तर एलिक्सिर जाणणारी हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. उद्या त्यांतली दोन दुसरीकडे गेली, तर आपण कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? ती भाषा आपल्याच ब्राझीलमध्ये जन्मली म्हणून तू तिची बाजू घेतेस, असे मी म्हणणार नाही. पण मूल आपल्या गल्लीत जन्मले म्हणून कोणी त्याच्या हाती दुकानाच्या किल्ल्या देत नाही. आणखी एक कारण लिहायला घेतले होते. ते तांत्रिक नसल्याने खोडले.

शिवाय बिघाडाचे मूळ मला सापडले आहे. त्या सकाळी एकेका घराच्या इंटरनेट जोडणीवरून आठ-आठ, दहा-दहा मागण्या एकदम येत होत्या. माणसे अशी वागत नाहीत. तिकिटे बळकावून चढ्या भावाने विकणाऱ्यांच्या यंत्रांचे हे काम आहे. म्हणून यापुढे एका जोडणीवरून दोनांहून अधिक फोन आले, तर साइट त्यांना अडवील. भाषा बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि सभ्य आहे.

बस-कंपन्यांनी लेखी कळवले आहे की जूनमधल्या साओ जोआओच्या सणाच्या विक्रीलाही असेच झाले, तर त्या आपल्याला सोडून जातील. तसे झाल्यास ही कंपनी राहणार नाही. ज्या ओळींवर ती उभी राहिली, त्या तुझ्या बहिणीने याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर लिहिल्या आहेत. त्या पुसण्याची घाई माझ्याकडून होणार नाही.

कळावे.

तुझा विश्वासू,
आबेलार्दो केइरोगा

ता. क. आर्कोव्हेर्देहून तुझ्या आईंनी चीज पाठवले आहे. पार्सलावर माझे नाव पुन्हा त्यांच्या गावच्या रीतीने घातले आहे: बायकोचे नाव आधी, माझे मागून. त्यांच्या गल्लीत बकऱ्या विकणारा दुसरा एक आबेलार्दो आहे, म्हणून म्हणे. इथे रेसिफेत बकऱ्यांचा प्रश्न येत नाही. पण पार्सल बिनचूक पोहोचते, तेव्हा तक्रार कशी करणार?


रेसिफे,
८ एप्रिल

प्रिय मार्लुसी,

सप्रेम नमस्कार. ईस्टर सुखाचा गेला असेल.

माझा उपाय यशस्वी झाला. पवित्र सप्ताहाच्या विक्रीला साइट क्षणभरही पडली नाही. कार्यालयात सर्वांनी माझे अभिनंदन केले. त्याच दुपारी तुझ्या आईंचा फोन आला. संभाषण जसे झाले तसे देतो.

"जावईबापू, मी यंत्र आहे का हो?"

"काय झालं, आई?"

"तुमची साइट मला विचारते, तू माणूस आहेस का! या वयात हे ऐकायचं राहिलं होतं. म्हटलं, हो गं बाई, माणूसच आहे. तर म्हणते, सायकली कुठल्या चित्रात आहेत ते दाखव. दाखवल्या! चष्मा लावून दाखवल्या! तरी हाकलून दिलं. थोरल्याचा फोन बाद, सुनेचा बाद, नातवंडांचे बाद. टेबलाभोवतीचं अख्खं घर बाद!"

"पण आई, सगळे एकाच वेळी कशाला बसलात?"

"मग काय पाळीपाळीनं बसायचं? ज्याचा नंबर आधी लागेल, तो सगळ्यांची तिकिटं काढतो. आमच्या गावात कुठलंही घर बघा, असंच करतात. आणि गेल्या जूनमध्ये परतीची तिकिटं काढायला तुम्ही स्वतः नव्हता का बसलात? मक्याच्या कुसकूसची बशी पुढ्यात, फोन हातात. बटण दाबता दाबता कॉफी सांडलीत माझ्या टेबलक्लॉथवर!"

मार्लुसी, मी बसलो होतो. कॉफीही मीच सांडली होती. तरीही रेसिफेतल्या खुर्चीवर बसून आकडे पाहताना ती आठ माणसे मला आठ यंत्रे दिसली.

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा राहू द्या. आम्ही काही फिरायला निघालो नव्हतो. गुड फ्रायडेला तिच्याजवळ फुलं ठेवायला येणार होतो." मग त्यांनीच विचारले, "जेवता ना वेळेवर? आणि तिचं नाव का घेत नाही तुम्ही? तुमच्या ऑफिसातली माणसंसुद्धा तुमच्यापुढे घेत नाहीत म्हणे. काय, नावानं भाजतं का?"

मी चीज उत्तम होते असे सांगितले.

अडवणारा नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. कार्यालयातल्या गेनिल्दोने तीन भाषांच्या वेगाची तुलना केली असून तक्ता सोबत जोडला आहे. त्यात गो पहिली, तुझी एलिक्सिर दुसरी आणि आपली पीएचपी, अपेक्षेप्रमाणे, तिसरी आली आहे. तुझे मत कळव. आणि शक्य असेल, तर पत्राने कळवू नकोस, ये.

आबेलार्दो


आर्कोव्हेर्दे,
२५ जून

प्रिय मार्लुसी,

काल साओ जोआओ झाला. दारापुढची होळी अजून धुमसते आहे, आणि आईंच्या स्वयंपाकघरात मक्याच्या खिरीचे पातेले घासायचे पडले आहे. सर्वांना तुझी आठवण आली. विशेषतः पातेले घासायच्या वेळी.

तू गेल्यापासून हे पत्र लिहायचे होते. पण विक्री उघडली त्या मे महिन्यातल्या सोमवारी सकाळी तू विमानात होतीस, आणि जे मला सांगायचे आहे ते फोनवर सांगण्याजोगे नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

तू आलीस त्या दिवशी गेनिल्दोचा तक्ता एका नजरेत पाहून बाजूला ठेवलास, याचा मला राग आला होता. तू म्हणालीस, "दाजी, तुम्ही पळण्याची शर्यत लावलीत. आपली माणसं पळायला येत नाहीत, रांगेत थांबायला येतात. जी त्यांना नीट थांबवून धरते, ती भाषा निवडायची." सर्वांत वेगवान भाषा कोणती हा प्रश्नच चुकीचा असू शकतो, असे मला कोणत्याही महाविद्यालयात शिकवले नव्हते. आपल्या जुन्या व्यवस्थेत येणाऱ्या प्रत्येकामागे एक धडधाकट सेवक उभा राही, आणि बँकेचे उत्तर येईपर्यंत तो तिथेच खिळून राही. सेवक संपले की दार बंद. तू दिलेल्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या वाट्याला एक चिमुकला सेवक येतो. तो जवळजवळ काही खात नाही, असे लाखो ठेवता येतात, आणि त्यांतला एखादा कोसळला तर शेजारच्याला पत्ताही लागत नाही. त्यांच्यावर एक राखणदार असतो. त्याचे काम एकच: पडेल त्याला पुन्हा उभे करणे. "पडू द्या, दाजी," तू म्हणायचीस, "पडूच नये म्हणून जीव टाकू नका. उठवणारा जागा असला की झालं." पूर्वी मी याला बेफिकिरी म्हटले असते.

मग मी, ज्याचे मला भय होते, ते तुला विचारले. जुन्या ओळींचे काय?

तू कॉफीचा पेला खाली ठेवलास. "ताईचं सगळं फेकायचं, असं कुणी म्हटलं? मी असं लिहिलं होतं कुठं? बसच्या जागांचे नकाशे तिनं लिहिलेत, ते कधी पडले? पावत्या कधी चुकल्या? मी हात तरी लावेन का त्याला! पडतं ते दार. दार तेवढं बदलू. घर राहू दे."

एवढे दिवस मी जिच्याशी मनात भांडत होतो, ती कुदळ घेऊन आलीच नव्हती. त्या दुपारी सांगायचे राहिले, ते आज लिहितो: आभारी आहे. फेब्रुवारीच्या पत्रात खोडलेले कारण हेच: तिच्या ओळी पुसल्या जाण्याचे भय. तू ते न वाचताच ओळखले होतेस.

आणि "एक स्वयंपाकघर, एक पाळी" हा नियम. त्याचे श्रेय तू आईंना देतेस, आई साइटला देतात, आणि साइट कोणालाच देत नाही. एका घरातले सारे फोन मिळून रांगेत एकच जागा धरतात. पाळी आली की सगळे एकदम वाजतात आणि ज्याचे बोट आधी लागेल, तो सर्वांची तिकिटे काढतो. ज्या सवयीला मी चोरी समजलो, तिला तू रांगेत मानाची जागा दिलीस. आईंच्या टेबलावर त्या सकाळी सगळ्यांच्या आधी बोट लागले ते त्यांचेच. रेसिफेत शिकणाऱ्या थोरल्या नातवंडांची यायची तिकिटे त्यांनी काढली आणि मग मला फोन करून म्हणाल्या, "आज कुणी सायकली विचारल्या नाहीत हो. मी तर तयारीत बसले होते."

आता ती सकाळ.

आठ वाजता विक्री उघडली. कार्निव्हलला बंद पडलो होतो त्याच्या कितीतरी पटीने माणसे दाराशी आली. बस-कंपन्यांचे दोन प्रतिनिधी कार्यालयात भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. थोड्याच वेळात एका बँकेकडून वेडीवाकडी उत्तरे येऊ लागली आणि रांगेचा एक भाग कोसळला. मोठ्या पडद्यावर नोंद उमटली. ती तू कशी लिहून ठेवली आहेस हे मला ठाऊक नव्हते. गेनिल्दोने सवयीने मोठ्याने वाचली:

"रांग कोसळली. लिंदाल्वाने पुन्हा उभी केली."

राखणदाराला तू बहिणीचे नाव दिले होतेस. मला न विचारता.

गेनिल्दोच्या तोंडून पुढचे निसटले, "अरे वा, डोना लिंदाल्वा कामाला लागल्या, मंडळी!" सगळे माझ्याकडे पाहू लागले. आठ महिन्यांत त्या खोलीत ते नाव कोणी उच्चारले नव्हते. माझ्यावर दया म्हणून, आणि मी ती दया घेत आलो होतो म्हणून. मी उठून खिडकीशी गेलो. तुझा राग आला होता, हे प्रामाणिकपणे लिहितो. तू विमानात नसतीस, तर मी तुला तिथल्या तिथे काहीतरी व्याकरणशुद्ध आणि अक्षम्य बोललो असतो.

मागे पडद्यावर नोंदी येतच होत्या. कोसळली, उभी केली. कोसळली, उभी केली. पण आता वाचायला कोणी धजत नव्हते. बाहेर नदीवरच्या पुलावरून बसेस जात होत्या. साइट चालू होती.

मी खुर्चीवर परत आलो आणि म्हणालो, "गेनिल्दो, थांबलात का? वाचा ना मोठ्याने."

त्याने वाचले. मग हिशेब पाहणारी मुलगी हळूच म्हणाली, "त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढ्यात दमलात?" कोणी हसले. दुसऱ्याला तिचे ओरडणे आठवले, तिसऱ्याला तिने वाढदिवसाला आणलेला, मधून कच्चा राहिलेला केक आठवला. हातातले काम न सोडता दुपारपर्यंत सगळे तिच्याविषयी बोलत राहिले. मीही बोललो. केक कच्चा का राहिला ते फक्त मला ठाऊक होते. ते मी त्यांना सांगितले. तू येशील तेव्हा तुला सांगेन.

दुपारी भिंतीशी उभे असलेले प्रतिनिधी हात मिळवून गेले. करार पुढच्या वर्षासाठी कायम झाले आहेत. ही बातमी खरे तर आधी लिहायला हवी होती.

काल रात्रीच्या होळीसाठी लाकडे कमी पडली, म्हणून मला शेजारच्या गल्लीत पाठवले. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कोण? बकरीवाला आबेलार्दो का?"

मी त्यांना गावच्या रीतीने माझे नाव नीट सांगितले. लाकडे मिळाली.

सप्टेंबरात तू जेवायला लावलेस, एप्रिलमध्ये दार बदलून दिलेस, आणि मे महिन्यात, मी विचारले असते तर नकार दिला असता अशी एक गोष्ट न विचारता केलीस. तिन्हींसाठी तुझा ऋणी आहे; तिसरीसाठी सर्वांत अधिक. आई आशीर्वाद सांगतात. चीज पाठवत आहेत. पार्सलावर पाठवणाऱ्याचे नाव यंदा मीच घातले आहे, तेच खाली लिहितो.

लिंदाल्वाचा आबेलार्दो