घोरलाच्या मागे सहा तास

प्रिय अप्पा,

आज मला बावन्न वर्षं पूर्ण झाली. ठाकूरकाकांच्या गावी घोरलाच्या शिकारीला आपण गेलो, तेव्हा तुमचं हेच वय होतं. सकाळी बोरिवलीच्या घराचे तीन जिने चढून आले, गुडघा धरून बसले आणि वाटलं, तुम्ही तो कडा कसे उतरलात हो? म्हणून लिहायला घेतलं.

ठाकूरकाका तुमच्याच खात्यातले फिटर, हिमाचलचे. शिकारीचे परवाने तेव्हा मिळत. त्यांनी दोघांचे काढून ठेवले होते. कोकणात लहानपणी तुम्ही आजोबांबरोबर रानडुकराच्या मागे हिंडला होतात, पण मुंबईत आल्यापासून पंचवीस वर्षं बंदुकीला हात लावला नव्हता. आई म्हणाली, जायचं तर जा, पोरीला कुठे नेता? तुम्ही म्हणालात, कान्हेरीच्या कातळावर ती माझ्यापुढे चढते. मी एकोणीस वर्षांची. त्या एका वाक्यावर महिनाभर तरंगत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या कड्यावर तो दिसला. घोरल म्हणजे डोंगरातला रानबकराच. राखाडी, आखूड शिंगांचा. जिथे आपला पाय ठरणार नाही अशा कपारीत तो निवांत चरत होता. तुम्ही नेम धरलात. गोळी सुटली आणि तो मागच्या पायांवर बसला. मग उठला, लंगडत खालच्या घळीत दिसेनासा झाला.

ठाकूरकाका म्हणाले, जाऊ दे, उतरायला वाट नाही, धुकं येतंय, बिबट्या त्याचं काय ते बघेल. तुम्ही पिशवीतून दोर काढलात. माझ्याकडे वळून म्हणालात, “तेका माझी गोळी लागली हा. तेका तसो टाकून मी घराक जावचंय नाय.”

कंबरेला दोर बांधून आपण उतरलो. रक्ताचे थेंब शोधत मी पुढे, मागे तुम्ही, शेवटी कुरकुरत ठाकूरकाका. दोनदा माग हरवला. एका ठिकाणी तुम्ही घसरलात, पँट फाटली, गुडघा सोलून निघाला. मी रडत म्हणाले, सोडा ना आता. तुम्ही रुमाल बांधलात आणि चालू लागलात. त्या क्षणी मला तुमचा राग आला होता, अप्पा. एका बकऱ्यापायी माणूस गेला असता!

दुपार कलताना देवदाराच्या मुळाशी तो सापडला. बसला होता, जिवंत होता, आपल्याकडे बघत होता. तुम्ही जवळ गेलात आणि एका गोळीत त्याला सोडवलंत. मग त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसलात. ठाकूरकाकांनी टोपी काढली. गावापर्यंत तो तुम्ही स्वतःच्या खांद्यावरून आणलात, कुणाला देईनात. मटण घरोघर वाटलं गेलं.

खरी गोष्ट तर इथे परतल्यावर झाली. ठाकूरकाकांनी प्रेमापोटी कंपनीत सांगून टाकलं होतं, एका गोळीत पाडला! बिल्डिंगच्या गच्चीवर सगळे ऐकायला जमले. तुम्ही सरळ सांगितलंत, पहिली गोळी चुकीची लागली, माझ्यामुळे ते जनावर सहा तास तडफडलं. कुणीतरी हसलं. मी शरमेने खाली निघून आले. घरात तुम्हाला म्हणाले, कोण विचारायला येणार होतं? काय गरज होती?

तुम्ही मला रागावला का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर मी भांडले असते, मग माफीही मागितली असती. तुम्ही फक्त विचारलंत, जेवलीस का. आणि परत कधी शिकारीला गेला नाहीत.

माफी राहूनच गेली, अप्पा. पण आज कुणी विचारलं, तुझे वडील कसे होते, तर मी ही पहिली गोळी चुकल्याची गोष्टच सांगते. ताठ मानेने सांगते.

आता माझी मुग्धा एकोणीसची झाली आहे. ऑक्टोबरमध्ये तिला त्या गावी नेणार, दोर बांधून घळीत उतरणार. आणि तिथे उभी राहून तिला सगळं सांगेन. माझं रडणं, गच्चीवरून पळून येणं, तेसुद्धा. काही गाळणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
शालू