लाल मॅटवरचा रेसर

३ नोव्हेंबर, सकाळ

तुळशीचं लग्न लागलं. आता माणसांची सुरू होतील. बाबांनी चहा पिता पिता जाहीर केलं की त्यांचे गुडघे संपले, या सीझनला ते गोडाऊनमध्ये पाय ठेवणार नाहीत. लग्नाचं सामान भाड्याने देणारं आमचं बिछायत केंद्र कोण कसं चालवतं ते घरी बसून बघतील आणि जो नीट चालवेल, अक्षय तृतीयेला दुकान त्याच्या नावावर करतील. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. भावना अनावर झाल्या असतील.

मी एकुलता एक. म्हणजे निवडणूक बिनविरोध. डोक्यावरचं ओझं उतरलं. आजपासून मी रेसर.

३ नोव्हेंबर, दुपार

कारण लिहून ठेवतो. पुढे मुलाखतीत विचारतील.

काल मोबाइलवर युरोपातली रेस पाहिली. बॅटरीवरच्या रिमोट गाड्या, हातभर लांब, वेग असा की डोळा मागे राहतो. आणि धावतात कशावर? हॉलमध्ये अंथरलेल्या कार्पेटवर! अख्ख्या फुलचूरमध्ये सर्वात जास्त कार्पेट कोणाच्या गोडाऊनमध्ये आहे? माझ्या. लाल मॅट, हिरवी मॅट, दऱ्या वेगळ्या. चाळीस वर्षं बाबा त्यावर वऱ्हाडी चालवत बसले. दृष्टी नाही माणसाला.

संकल्प: खर्च कमी. मेहनत जास्त. धंद्याकडे दुर्लक्ष अजिबात नाही.

६ नोव्हेंबर

दुर्गेशला फोन केला. मुर्री गावचा, शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. आता नागपुरात नोकरी करतो आणि रविवारी रेस खेळतो. म्हणाला, जुनी गाडी घे, सगळ्यात स्लो मोटर घे, पैसा टायरमध्ये टाक आणि महिनाभर पाना हातात नको घेऊ, नुसती चालव.

स्लो मोटर! मी मैदानात उतरायच्या आधीच हा घाबरला. वरच्या क्लासची मोटर बुक केली.

१४ नोव्हेंबर

पैशाची सोय झाली. नवरदेव-नवरीच्या महाराजा खुर्च्या, सोनेरी सिंहांच्या, वीरेंद्र मंडपवाल्याला दिल्या. विकल्या असं म्हणता येणार नाही. आपल्याकडे लग्न असलं की त्याच्याकडून भाड्याने आणायच्या, म्हणजे फक्त ठेवायची जागा बदलली. वीरेंद्रने रोख मोजले आणि बराच वेळ हसत होता. व्यवहाराने खूश दिसला.

भूमेश्वरीने विचारलं, अजी, खुर्च्या कोठी गेल्या? पॉलिशला, म्हटलं. बायकोला धंद्यातलं सगळं सांगायचं नसतं.

२ डिसेंबर

गाडी आली! दुर्गेशच्या ओळखीतली जुनी चेसिस, माझी नवी मोटर. बॉडी पातळ प्लास्टिकची, त्यावर मी स्वतःचं नाव लिहिलं: खुमेंद्र.

गोडाऊनमध्ये लाल मॅट अंथरली. कडेला प्लास्टिक खुर्च्या लावून ट्रॅक केला. ट्रिगर दाबला. गाडी दिसली नाही, आवाज आला. स्वयंपाकाच्या गंजांच्या, म्हणजे मोठ्या पातेल्यांच्या, चळतीत उलटी सापडली. पुढचं चाक धरणारा आर्म तुटला.

निष्कर्ष: ड्रायव्हर बरोबर, सेटअप चूक.

५ डिसेंबर

नवा आर्म बसवला. चाकांचा तिरपेपणा अर्धा डिग्री वाढवला. गंजात.

६ डिसेंबर

तिरपेपणा अर्धा डिग्री कमी केला. गंजात.

७ डिसेंबर

गंज हलवले. भिंतीत.

१९ डिसेंबर

काल दोन लग्नं होती. मी भूमेश्वरीला पाठवलं. फोनही तीच घेते, बुकिंगही तीच लिहिते. मी मुद्दाम करू देतो. पुढे मी रेसला बाहेरगावी गेलो तर घरात कोणी तरी तयार पाहिजे. रात्री आली तेव्हा पाय सुजले होते. तिला सांगितलं, चांगली चप्पल घे. माझ्या गाडीला मी चार टायर कसे निवडून घेतले ते समजावलं. ऐकता ऐकता बसल्या जागी झोपली. टेक्निकल गोष्टींत बायकांना रस नसतो.

२८ डिसेंबर

लग्नाच्या मॅटचा दोष सापडला. तिचे धागे सुटतात आणि चाकांच्या मागे गुंडाळले जातात. गाडीचं पोट जमिनीपासून पाच मिलिमीटर, आपल्या मॅटचे सांधे त्याहून उंच. दुर्गेश म्हणाला, अबे, त्या मॅटवर वऱ्हाडी चालतात, गाडी नाही चालत. टायरला लावायचं एक तेल मिळतं, त्याने पकड येते, पण तू ते नको घेऊ.

घेतलं.

८ जानेवारी

तेल आलं. वास सेम दुखण्यावरच्या बामचा. सकाळी बाटली अर्धी. शोधलं तर बाबा ओसरीत बसून गुडघ्यांना चोळून राहिले होते. म्हणाले, चांगलं हाये गा, कोठून आणलंस? आराम पडला.

चिडलो. स्पष्ट सांगितलं की हे इम्पोर्टेड आहे, गुडघ्यांसाठी नाही. बाटली काढून घेतली. बाबांनी धोतराला हात पुसले. आता ही बाटली कुलपात.

१२ जानेवारी

बाटली संपली. बाबांच्या कपाटातलं गुडघ्याचं तेल टायरला लावून पाहिलं. पकड जबरदस्त! इतकी की वळणावर गाडी आपोआप पलटी खाते. याला रेसिंगमध्ये ट्रॅक्शन रोल म्हणतात, मोठमोठ्या ड्रायव्हरांना होतो. मलाही झाला. बरं वाटलं.

१६ जानेवारी

सर्वात मोठी लाल मॅट अंथरून पूर्ण ट्रॅक केला. सरळ पट्टी, हेअरपिनसारखं उलटं वळण, नागमोडी. चार दिवस सराव. गाडी गेली तिथे तेलाचे काळे पट्टे उमटलेत. साबण लावला, पट्टे आणखी चमकले. मॅट गुंडाळून चळतीत सर्वात खाली ठेवली. भूमेश्वरी वरून घेते, खालपर्यंत जात नाही.

२७ जानेवारी

नागपूरच्या रेसला नाव दिलं. २२ फेब्रुवारी.

संध्याकाळी दवनीवाड्याचे पुनाराम पाटील आले. बाबांचे जुने दोस्त, त्यांच्या घरची तिन्ही लग्नं आपल्याच मंडपात झाली. आता शेवटची मुलगी, नीतू. बाबांना म्हणाले, छोटेलाल, पोरगी लहानपणापासून सांगून राहिली, मी सिंहाच्या खुर्चीवर बसीन. तेवढं पाहजो. तारीख २२ फेब्रुवारी.

त्या दिवशी भूमेश्वरीकडे फुलचूरचं दुसरं लग्न आहे. बाबा मला म्हणाले, हे तू कर. सोता उभा राहा. बस एवढं कर, मंग दुकान तुयंच. पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहून बोलले. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

रेसचे पैसे परत मिळत नाहीत.

२१ फेब्रुवारी

सगळी व्यवस्था लागली. दुकानातल्या पोरांना सांगितलं, मोठी मॅट लागेल, चळतीतून काढा. वीरेंद्रला खुर्च्यांसाठी फोन केला. मागच्या लग्नांचं भाडं मागू लागला. म्हटलं, आधी खुर्च्या पाठव, पैसे सोमवारी. तो काहीतरी बोलला आणि फोन कट झाला. बहुतेक हो म्हणाला.

लग्न संध्याकाळचं, रेस सकाळची. दुपारच्या गाडीने परत. घरी सांगितलं, पहाटेच दवनीवाड्याला निघतो. बाबा म्हणाले, दारापर्यंत सोडायला येतो.

२२ फेब्रुवारी, नागपूर, सकाळी

बाबा खरंच दारापर्यंत आले, भिंत धरून. गाडीची पेटी पाहून विचारलं, हे काऊन? म्हटलं, मंडपाची हत्यारं.

इथे डांबरी ट्रॅक आहे! कार्पेट नाही. सेटअप सगळा बदलावा लागेल.

२२ फेब्रुवारी, दुपारी

हीट एक, म्हणजे पहिली फेरी. स्टार्ट उत्तम. पहिल्या वळणाला माझ्यापुढे कोणी नव्हतं, कारण मी वळलो नाही. कठड्यात. आर्म तुटला.

इथला नियम असा की आपली हीट झाली की पुढच्या हीटला ट्रॅकवर उभं राहून दुसऱ्यांच्या पलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मी काय हमाल आहे? आर्म बदलत बसलो. माइकवर घोषणा झाली, खुमेंद्र भैया ने ड्यूटी नहीं की, उनका रिज़ल्ट कॅन्सल. माझं नाव माइकवर येताच सगळे वळून पाहू लागले.

शेवटची हीट चारला आहे. आता निघालो तर सगळं फुकट. थांबतो.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

चौदावा. चौदा जण होते. पण चौदावा मी एकटाच आहे. दुर्गेश स्लो मोटरवाल्या क्लासमध्ये पहिला आला. हा प्रकार बंद केला पाहिजे.

भूमेश्वरीचे खूप मिस्ड कॉल. बाबांचे पण.

२३ फेब्रुवारी

जे कळलं ते असं.

पोरांनी वरच्या मॅट भूमेश्वरीकडच्या फुलचूरच्या लग्नाला लागतील म्हणून खालची काढली. दवनीवाड्यात गेटपासून स्टेजपर्यंत माझा ट्रॅक अंथरला गेला, हेअरपिनसकट. वरातीतली लेकरं तोंडाने घुंऽऽ करत पट्ट्यांवरून पळाली. दुपारभर उन्हात तापलेल्या मॅटला बामचा वास सुटला. नवरदेवाच्या मामाने भर मंडपात विचारलं, कोणाचे गुडघे दुखून राहिले? सगळे हसले.

खुर्च्या आल्याच नाहीत. नीतू पाटावरून उठून स्टेजवर आली तर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एका खुर्चीचा पाय गाडीच्या धडकेने तडकलेला, ती नेमकी तिला मिळाली. ती पडली नाही. पूर्ण वेळ एका बाजूला रेलून बसली. सगळ्या फोटोंत तशीच आहे.

पुनारामांनी पूर्ण पैसे पाठवले. एक रुपया कापला नाही.

बाबा आज सकाळी ऑटोने दवनीवाड्याला गेले. भूमेश्वरी सोबत होती. ती म्हणाली, बाबा पुनारामांच्या अंगणात खाली बसले आणि हात जोडले. मग उठता येईना. पुनारामांनीच उचललं.

उगाच गेले. गुडघ्यांना त्रास.

२४ फेब्रुवारी

मी जेवताना सांगितलं की चौदावा आलो. बाबांनी ताटावरून हात उचलला, धुतला आणि गेले. खूप लागलं मनाला. कुलपातून तेलाची बाटली काढली, त्यांच्या उशाशी ठेवली. रिकामी होती, हे नंतर लक्षात आलं.

११ मार्च

रेसिंग बंद. गाडी विकायला काढली. रेसवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने विचारलं, बॉडीवरचं नाव निघेल का?

१९ एप्रिल, अक्षय तृतीया

निवडणूक बिनविरोध झाली. दुकान भूमेश्वरीच्या नावावर. माझाही विरोध नव्हता, मला कोणी विचारलं नाही. बाबा फक्त म्हणाले, सीझन हिनं चालवला.

तिने पहिलं काम केलं ते वीरेंद्रकडून खुर्च्या परत विकत घेण्याचं. दुसरं, माझी गाडी ग्रुपवरून काढून घेतली. म्हणाली, हे ठेवू, कामाची हाये. मला रडू आलं. कोणीतरी ओळखलं मला.

२६ एप्रिल

दुर्गेश येऊन गेला. भूमेश्वरीने बोलावला होता. माझी मोटर काढून सगळ्यात स्लो मोटर टाकली. बॉडी काढून थर्माकोलची पालखी बसवली. नवीन पॅकेज: रिमोटच्या पालखीतून वरमाला. आताच चार बुकिंग. मी चीफ ड्रायव्हर.

९ मे, दवनीवाडा

पुनारामांच्या पुतण्याचं लग्न. भूमेश्वरीने सगळं फुकट दिलं, मागचं भरून काढायला. नीतू नवऱ्यासोबत आली होती. पालखी पाहून तिने भूमेश्वरीला विचारलं, वहिनी, हीच का ती गाडी? भूमेश्वरी हो म्हणाली. नीतू माझ्याकडे पाहत राहिली. मी हात जोडले. तिने मान फिरवली.

मॅट नवीन. गेटपासून स्टेजपर्यंत सरळ. भूमेश्वरीने वळण ठेवलंच नव्हतं.

ट्रिगर दाबला. गाडी चालली, वऱ्हाड्यांच्या पावलाने. कुठे धडकली नाही, पलटली नाही. स्टेजपाशी थांबली. सगळे मोबाइल पालखीकडे. नवरीने वरमाला उचलली. माझा पहिला पूर्ण लॅप. वेळ मोजायची राहून गेली.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. आधी त्यांनी मॅट पाहिली, टोकापासून टोकापर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं.

म्हणाले, झालं ना? चाल, मॅट गुंडाळ.

गुंडाळली.