पोचेचा रकाना

मी, सरस्वती काशिनाथ भोईर, वय अंदाजे सदुसष्ट (एक जून ही जन्मतारीख गुरुजींनी लावलेली आहे, खरी आईला ठाऊक होती, आणि ती गेली), राहणार आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, मुलींच्या आश्रमशाळेची निवृत्त अधीक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. वारसांबाबत. मी लग्न केलं नाही. सख्खा भाऊ ज्ञानेश्वर मुरबाडकडे आमच्या गावी असतो. निवृत्त झाल्यावर बत्तीस वर्षांचं बिऱ्हाड एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून मी हक्काने त्याच्याकडे गेले. वहिनीने पहिल्या दिवशी पाहुण्यांच्या कपात चहा दिला, मला बरं वाटलं. एकोणिसाव्या दिवशीही त्याच कपात दिला. त्या दिवशी पुतण्या मंगेश म्हणाला, "आत्या, तुमी अजून किती दिवस हाव?" पोराने वाईट मनाने विचारलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उचलली. भाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला आणि एसटी यायच्या आधीच परत फिरला, हा माझा त्याच्यावरचा राग. तो मी बरोबर घेऊन जात आहे. शेतातला हिस्सा मी त्याला पूर्वीच सोडून दिला आहे. या मिळकतीत त्याचा हक्क नाही. आईचं पितळी घंगाळ वहिनीला द्यावं, ती ते नीट घासेल.

२. घराबाबत. आटगाव येथील दोन खोल्या, पुढची पडवी व मागचं शेवग्याचं झाड मी मंगळी भिमा मुकणे हिला देत आहे. ती माझ्या नात्याची नाही. ती कोण, हे वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून पुढचं लिहिते.

आमच्या वसतिगृहात एक रजिस्टर असे. मुलगी घरी निघाली की नाव, गाव, कोणाबरोबर गेली, आणि शेवटचा रकाना 'पोच'. मुलगी घरी पोचल्याची खबर आली की तिथे सही करायची. खबर कोण देणार? पाड्यावर टपाल नाही, फोन नाही, आणि वर कागद तर वेळेवर जायला हवेत. म्हणून फाटकातून मुलगी बाहेर पडली की मीच पोच भरून टाकत असे. सगळ्याच अधीक्षिका भरत. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे माझं रजिस्टर इतरांना दाखवायला न्यायचे.

मंगळी कातकरी वाडीवरची. दोन हजार नऊ साली दहावीची परीक्षा देऊन निघाली. न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा दुसऱ्या मुलीच्या बापाबरोबर लावून दिली आणि पोच भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फाटकाशी उभी.

"बाई, दाराला काट्या लावल्यात. आयबा भट्टीवर गेलेत. कंच्या भट्टीवर तां कोनाला ठावं नाय."

मी म्हटलं, "तुझं नाव कमी झालंय गं. पोच भरली आहे. आता तुझी जागा घरी."

"घरीच गेली व्हती ना, बाई."

मी तिला फाटकाच्या गजांतून दोन भाकऱ्या दिल्या. कुलूप उघडलं नाही. आत एकशेवीस मुली आणि कितीतरी रिकाम्या खाटा होत्या.

नंतर कळलं, ती आईबापांना शोधत एकेका वीटभट्टीवर फिरली. पावसाळ्याआधी तिचं लग्न लागलेलं होतं. वय सोळा.

हे मला नोकरीत असताना टोचलं नाही, हे खरं ते लिहिते. टोचलं ते भावाच्या पडवीत, पाहुण्यांचा कप हातात घेऊन बसल्यावर. दहा वर्षं बाहेर वाढलेली पोर घरी जाते तेव्हा तिलाही असंच वाटत असणार, आणि तिला तर आटगावात खोल्या बघायला पेन्शन नव्हती.

भावाकडून निघाल्यावर दोन वर्षांनी पौषात म्हशाच्या जत्रेत घोंगडी घ्यायला गेले, तर गठ्ठे उचलणाऱ्या बाईने हाक मारली, "बाई!" मी ओळखलं. तिने पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. कसं विचारावं सुचेना, म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "तेव्हा पोचलीस ना नीट?"

ती गठ्ठा बांधत म्हणाली, "नाय पोचली, बाई."

मंगळी आता आसनगावात कामाला असते, नवरा नाही, मुलगी रविना आठवीत. रविनाला तिने आश्रमशाळेत घातलं नाही. मी कारण विचारलेलं नाही.

३. घराचा वापर. मंगळीने इथे राहावं, आणि ज्या मुलींना आश्रमशाळेतून निघाल्यावर घरी कोणी नसेल त्यांना ठेवून घ्यावं, घरचे येईपर्यंत. मुलीला एकटीला पाठवू नये. तिच्याबरोबर जावं, एक मुक्काम करावा, त्यांच्याकडचं जेवावं. पंधरा दिवसांनी पुन्हा जावं. कशी आहेस हे बापाला विचारू नये, मुलीला विचारावं, आणि तेही ती पाण्याला निघाली की वाटेत. तिला शिकायचं असेल तर दाखले तिच्या हातात द्यावेत. या घरात कोणाची बोली सुधारू नये. 'नाय' म्हणणाऱ्या मुलींना मी 'नाही' शंभर वेळा लिहायला लावलं. त्यातली रंभा घरी गेली, तर आजीच तिला "मॅडम, बसा" म्हणाली, आणि पोर महिनाभर बोललीच नाही.

४. पोस्टातली ठेव मुलींच्या एसटीच्या तिकिटांसाठी. शिलाई मशीन घरातच राहील. पायडल अडतं, तेल घालावं. मुलींना उठवायची माझी शिट्टी मोडून टाकावी.

५. निळी वही. रजिस्टरमधली, मी खोट्या पोचा भरलेली दोनशे चौदा नावं मी आठवून उतरवली आहेत. गुडघे चालले तोवर पाड्यापाड्यांवर जाऊन एकसष्ट जणींना भेटले. काहींनी चहा दिला. एकीने दार लावून घेतलं, तिचं बरोबर होतं. उरलेल्या मंगळीने जमतील तितक्या बघाव्यात. सक्ती नाही.

६. मंगळीने अजून होकार दिलेला नाही. मी विचारलं तेव्हा घरभर फिरली, शेवग्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "बघू. पन फाटकाला कुलूप नाय लावनार मी." मी त्याच दिवशी अंगणाच्या फाटकाचं कुलूप काढलं. त्याला दोन महिने झाले. संध्याकाळी आसनगावकडची गाडी आली की मी पडवीत बसते. ती नाहीच आली तर माझ्यानंतर घर तिचंच. तिने विकलं तरी कोणी बोलू नये. ज्या दारातून तिला परत पाठवलं ते दार मी तिला देऊ शकत नाही, हे आहे तेवढं देते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही करून दिलं.

सही: सरस्वती काशिनाथ भोईर

साक्षीदार:
१. आरती संदीप निमसे, शेजारीण, आटगाव
२. जाणू बुधू वाघ, निवृत्त शिपाई, आश्रमशाळा. (त्या दुपारी फाटकाची किल्ली यांच्याकडे होती. हे उघडायला उठले होते, मीच बसवलं. दोष यांचा नाही.)

ठिकाण: आटगाव. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

घराची किल्ली मंगळी भिमा मुकणे हिला मिळाल्याची पोच:

(ही जागा मी भरलेली नाही.)