मनस्वी बायचं इंग्रजी गाणं

४ जानेवारी
आज करंज्यावरून विनायकच्या नव्या घरी सुकापूरला आले. पाचवा माळा. लिफ्टमधला आरसा एवढा मोठा, मी आधी त्यातल्या बाईलाच रामराम केला! सून मिताली हसून हसून खाली बसली. सुके बोंबील आणले, तर म्हणते, आई, खिडकी लावून भाजा, सोसायटीवाले येतील. येऊ देत की, त्यांनाबी दोन देईन. ही वही नातीनं दिली, मनस्वीनं. दुसरीत हाय. म्हणाली, आजी, रोज लिही. मी चौथी शिकलेली, जोडाक्षराला अडते, पण लिहीन.

६ जानेवारी
मनस्वीला शाळेच्या गॅदरिंगला इंग्रजी गाणं दिलंय. लई जुन्या पिक्चरमधलं, गोऱ्या लोकांच्या देशातलं. मोबाईलवर लावलं नि मला भरूनच आलं. शब्द एक कळत नाय, पण चाल अशी, की लांब गेलेली पोर घराकडं बघतेय. मी चाळीस वर्षं धवलारीण. आमच्यात लग्नाला धवले गातात, नि जिचं लग्न तिचं नाव गाण्यात घालतात. सवयीनं इथंबी घातलं. गाणारी गोरी बाई जिथं थांबते, तिथं 'मनस्वी बाय' बरोब्बर मापात बसलं. पोर काय खूश! दहा वेळा म्हणायला लावलं.

९ जानेवारी
मनस्वीनं तापलेल्या तव्याला हात लावला. रडली नाय. फोड आला तो नुसता बघत बसली. मग म्हणाली, गाणं म्हण. मी म्हटलं, पुढची कडवीबी म्हटली. मिताली म्हणाली, आई, गाणं तर तिथंच संपतं, ही कडवी कुठली? मला काय ठाऊक. तोंडात आली.

११ जानेवारी
सोनाबाईला फोन केला. ती माझ्या जोडीनं धवले गायची. आधी म्हणाली, मडम झालीस काय गं गुणा. मग गाण्याचं सगळं विचारून घेतलं. म्हणाली, नाव घातलंस ना, मग ते पोरीला नेणार. लग्नाचा धवला सासरी नेतो, हा कुठं नेतो ते आपल्याला काय माहीत. पण अर्धा सोडू नको, अर्धा सोडला तर पोर अर्धी राहते. मी तिला शिव्या घातल्या. फोन ठेवला तेव्हा मी गातच होते.

१३ जानेवारी
पोर जेवत नाय. गॅलरीत उभी राहते, पाय गार. डॉक्टर म्हणाले, सगळं बरं हाय. मिताली रडते. मलाबी रडायला पाहिजे. येत नाय. भाजी निवडली. अकरावं कडवं झालं.

१४ जानेवारी
संक्रांत. मनस्वीच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. खाली पडला. हात तिथंच होता —
परत ठेवला. परत पडला. उचलून डब्यात टाकला.

१५ जानेवारी
विनायकनं दोरीवरचा मनस्वीचा फ्रॉक काढला. विचारतो, आई, हा कोणाचा, शेजाऱ्यांचा उडून आला काय. मितालीनं घडी घालून दाराबाहेर ठेवला. आज ती रडली नाय.
मनस्वी समोरच बसली होती. मी सांगितलं, ही काय इथं बसलीय. त्यांनी त्या जागी बघितलं, नि टीव्ही लावला.

१६ जानेवारी
एकच कडवं राहिलं. जिभेवर हाय. गाते तशी पोर दाराकडं सरकते. थांबले तर अर्धी — म्हटलं तर —
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची नावं घातली. स्वतःचं कधी नाय.
आता घालते. तिच्या जागी. मापात बसत नाय, ओढून बसवते. गुणा बाय —
मनस्वीनं हाक मारली, पप्पा. विनायक धावला. उचलून घेतलं. मिताली ओरडतेय, रडतेय, हसतेय. बरं झालं.
माझ्याकडं कोणी बघत नाय.
पेन बोटाला लागत नाय. ओळ एकच राहिली. अर्धी सोडायची ना