जनरलसाहेबांचं वजन

हेग, ४ नोव्हेंबर १९२९

ते विमान पाहून आलो. काल-परवापर्यंत लंडनचे उतारू वाहणारं एकपंखी विमान – आता लष्कराचं. वेताच्या खुर्च्या काढल्या. त्या जागी चामड्याच्या आरामखुर्च्या, ओकचं जड टेबल, जिनच्या बाटल्यांचं कपाट. वरून करडा रंग फासला की झालं लष्करी! शिपायाच्या पायात फाटके बूट, आणि जनरल रोसेम ढगांतून मिरवणार. गुरुवारी संसदेत या खर्चाच्या मागणीविरुद्ध बोलायचं आहे. ग्रीक इतिहासातले दोन उतारे काढून ठेवले.

५ नोव्हेंबर

जावई योस्ट जेवायला आला. एकटाच, मुलगी आलेइदाची दाढ दुखतेय. ते विमान तोच चालवतो. वाटाण्याचं सूप दोनदा घेतलं, बोलला कमी. मग सहज आठवल्यासारखं सांगू लागला – उतारू कंपनीत असताना प्रत्येक जण सामानासकट काट्यावर चढायचा. मंत्री असो नाहीतर चीज विकणारा. वजन झाल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही. लष्करातही त्याने काटा मांडला. जनरलच्या सहायकाने तो गोदामात टाकायला लावला.

"जनरलसाहेबांना काय बटाट्याच्या पोत्यासारखं तोलणार?"

तेव्हापासून हुद्दा विचारतात, वजन नाही. फर्निचर, बाटल्या, वर जनरलचे पाहुणे – सगळं अंदाजपंचे. गेल्या आठवड्यात उडताना चाकं कुंपणाला घासली. योस्टने वर दोनदा तक्रार केली. उत्तर नाही.

मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत असा मुद्दा हाती लागला नव्हता. सभागृह पोट धरून हसेल, आणि मागणी तिथेच आडवी होईल.

६ नोव्हेंबर

सकाळीच आलेइदा दारात, गालाला फडकं बांधलेलं. काट्याचं सभागृहात काढू नका म्हणाली. कोणी सांगितलं हे लगेच ओळखतील, योस्टला काढून टाकतील. मी लोकशाहीवर बोलू लागलो.

"बाबा, मला भाषण नको. मी तुमची मतदार नाही, मुलगी आहे."

शब्द दिला.

७ नोव्हेंबर

दीड तास बोललो. फाटके बूट, ग्रीक, युद्धातल्या विधवा – सगळं आलं. काट्याचा उल्लेख नाही. दोनदा जिभेवर आला, गिळला. टाळ्या भरपूर. मागणी मंजूर. बाहेर एका सहकाऱ्याने विचारलं, आज बरं नाही का. प्रेक्षकांत जनरल रोसेम बसले होते, दोन खुर्च्यांना पुरतील एवढे. मला मान लववून गेले.

हरलो. तरी मन शांत आहे. जन्मात एकदा तरी जीभ आवरली, तीही पोरीसाठी.

८ नोव्हेंबर

पाऊस. दिवसभर वाचन.

१० नोव्हेंबर

योस्ट आला, आत आला नाही. उद्या जनरल आणि पाच पाहुण्यांना घेऊन लिम्बर्गला उडायचंय. आलेइदाला दिलेला शब्द मी त्याला सांगितला. त्याने टोपी हातात फिरवली.

"बाबा, तुम्ही बोलाल म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही गप्प बसाल असं कोणाला वाटलं असतं?"