तुमच्या गाडीविषयी मी जे बोललो

गवीपूर, बंगळूर
रविवार, ८ ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप मामांस,

तुमचा जावई फत्तेसिंग याचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला मान जरा जास्तच खाली घालून, नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे. (सगळे म्हणजे माणसे. बाकीचे पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी रोज तेल चोळायला लावतात, की तुम्ही अजून ग्रीसच बरे असे म्हणता? मामींना माझा नमस्कार सांगावा, पण हे पत्र त्यांना लगेच मोठ्याने वाचून दाखवू नये ही विनंती. आधी तुम्ही एकट्याने वाचावे आणि मग किती दाखवायचे ते ठरवावे. माझ्या मराठीला हसू नये. तुम्ही बेळगावचे, तुम्हालाही कानडी परकी नाही. पण आम्ही बंगळूरचे मराठे इतक्या पिढ्या इथे राहून मराठीत कानडी स्वल्प जास्तच घालतो, असे नीला म्हणते. ती म्हणते म्हणजे ते सरीच, म्हणजे बरोबरच, असणार. या आठवड्यात ती म्हणते ते सगळेच सरी आहे.

पत्र लिहायचे कारण असे की, नीलाचे पत्र तुम्हाला मिळण्याआधी माझे मिळावे. बुधवारी आमच्या दारात जे घडले ते तिच्या अक्षरात वाचण्यापेक्षा माझ्या अक्षरात वाचलेत तर तुम्हाला राग थोडा कमी येईल अशी आशा आहे. (माझे अक्षर तरी चांगले आहे. ड्राफ्ट्समनचे असतेच.)

तुमच्या कानावर असेल की नीला दोन वर्षे शाळांना अर्ज करत होती. सात अर्ज गेले. सहा शाळांनी साधे उत्तरही पाठवले नाही. सातवी कोरमंगल्याची. त्यांनी बुधवारी साडेदहाला बोलावले आणि चौथीच्या वर्गावर अपूर्णांकांचा धडा घेऊन दाखवा असे कळवले. नीलाने दसऱ्याची सगळी दुपार बसून एक मोठा तक्ता केला. त्यावर चार पोळ्या काढल्या, कुणाचे दोन तुकडे, कुणाचे चार, रंग भरून, इतक्या सुरेख की पाहून भूक लागावी. मग मला म्हणाली, "उद्या बसनं जाऊ या का? दोन बदलाव्या लागतील, पण लवकर निघू." मी म्हणालो, "मामांची गाडी दारात असताना बसनं?" तेव्हा माझ्या आवाजात तुमच्याविषयी केवढा अभिमान होता! तो साधारण बारा तास टिकला.

गाडीविषयी तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या वर्षी ती बेळगाव स्टेशनवर ब्रेकव्हॅनमध्ये चढवताना तुम्ही टाकीवर हात ठेवून म्हणालात, "हिला पहिल्या किकेत ऐकायची सवय आहे. चिडू नका म्हणजे झालं." वर्षभर ती पहिल्या किकेत ऐकत आली. सोमवारी आयुधपूजेला मी तिला घासूनपुसून धुतले. धुताना एक हुशारी केली (ती कोणती ते योग्य जागी सांगतो), हळदकुंकू लावले, हँडलला झेंडूची माळ बांधली, चाकाखाली लिंबू ठेवले. लिंबू चिरडायला गाडी सुरू करायची असते, पण माळ इतकी लांब झाली होती की सायलेन्सर तापून फुले करपतील असे वाटले, म्हणून मी ती हातानेच पुढे ढकलली. दसऱ्याला दिवसभर पाऊस होता. गाडी झाकलेलीच राहिली.

बुधवारी सव्वानऊला नीला तुम्ही दिलेली इरकल नेसून, तक्त्याची गुंडाळी हातात घेऊन पायरीवर उभी राहिली. मी किक मारली. काही नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. पेट्रोल कॉक पाहिला, उघडा होता. चोक ओढला, मग बंद केला, मग अर्धा ओढला. टाकी हलवून पाहिली, आत पेट्रोल खळखळत होते. नीला म्हणाली, "अहो, ऑटो बघू का?" मी म्हणालो, "पाच मिनिटं." (नीलाच्या हिशेबाने ही पाच मिनिटे मी पाच वेळा मागितली. मला तीनच आठवतात, पण मी वाद घालण्याच्या जागी नाही.) प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, ठिणगी पडते का पाहण्यासाठी इंजिनला टेकवून किक मारली आणि ठिणगी माझ्याच बोटात गेली. म्हणजे ठिणगी उत्तम होती.

इथे एक गोष्ट कबूल करतो. आमच्या गल्लीत माझी इंजिनाविषयी थोडी कीर्ती आहे. मी कारखान्यात नऊ वर्षे यंत्रांची चित्रे काढतो, त्यामुळे लोकांना वाटते की याला यंत्र कळते. मी ते कधी नाकारले नाही. खरे सांगायचे तर कागदावरचे इंजिन आणि मी यांचे फार सख्य आहे. लोखंडाच्या इंजिनाशी माझी तोंडओळखसुद्धा नाही. पण आता खिडक्यांत माणसे उभी होती. खाली उतरून ऑटो बोलावणे म्हणजे कीर्तीला बट्टा. म्हणून मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून उतारावर सोडली. तुम्ही आमचा उतार पाहिला आहे, तो थेट तळ्यापर्यंत जातो. गाडीही थेट तळ्यापर्यंत गेली. दोन उड्या मारल्या, एकदा खोकल्यासारखे केले आणि थांबली. मग तीच गाडी मी इस्त्रीच्या शर्टात त्याच उतारावरून वर ढकलत आणली.

वर घरमालक हयवदन राव वाट पाहत होते. ते निवृत्त पोस्टमास्तर, तळमजल्यावर राहतात, भला माणूस. त्यांनी गाडीकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाले, "स्वल्प रेस्ट कोडि." थोडी विश्रांती द्या. मी विश्रांती देण्याऐवजी कार्ब्युरेटर उघडायला घेतला. सुटे भाग ठेवायला कागद हवा होता. नीला पाणी आणायला आत गेली होती आणि पायरीवर एक गुंडाळी पडली होती. मला वाटले जुने कॅलेंडर. मी ती उलगडली (पाठीची बाजू वर होती, शपथेवर सांगतो, पण मग वाऱ्याने उलटली) आणि त्यावर कार्ब्युरेटर मांडला.

मामा, आता ते वाक्य. हयवदन रावांनी विचारले, गाडी कुणाकडून घेतली? आणि मी, घामाने निथळत, बोट भाजलेला, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात कानडीतून म्हणालो की, "सासऱ्यांनी घरातली अडगळ माझ्या दारात आणून उभी केली. गुडघ्याचं नुसतं निमित्त. दुखणं गाडीचं होतं, ते मला माहीत नव्हतं."

कानडीतून बोललो, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात आले की नीला आत आहे आणि मराठीत बोललो तर तिला कळेल. बेळगावची मुलगी माझ्यापेक्षा चांगली कानडी बोलते हे मला लग्नाला चार वर्षे झाल्यावर आठवू नये, याला काय म्हणावे ते तुम्हीच म्हणा. ती दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. तिने माझ्याकडे पाहिले, मग तक्त्याकडे. तिसऱ्या पोळीवर पेट्रोल आणि ग्रीसचे काळे गोल कडे उमटले होते. तिने तांब्या खाली ठेवला, एकेक भाग उचलून पायरीवर ओळीने मांडला, तक्ता गुंडाळला आणि गल्लीत उतरली. हयवदन रावांची मुलगी भव्या बँकेत जायला मोपेड काढत होती. ती म्हणाली, "बन्नि अक्का" (या, ताई), आणि नीला मागे बसली. तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

मी त्यांच्या मागे धावायला हवे होते. निदान तोंडाने "नीट जा" एवढे म्हणायला हवे होते. मी काय केले? प्लग पुन्हा काढला.

दुपारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक गिरीराज आला. (मी बोलावला नव्हता, हयवदन रावांनी बोलावला.) त्याने पायरीवरच्या भागांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पिशवी न उघडताच गाडीच्या मागे उकिडवा बसला. सायलेन्सरमध्ये एक डोळा लावला. मग एक वाकडी तार आत घालून हळूहळू ओढू लागला. पांढरे काहीतरी बाहेर येऊ लागले. यायला लागले ते येतच राहिले. शेवटी त्याने ते झटकून दोन्ही हातांनी वर धरले. माझा बनियन होता, मामा. सोमवारी धुताना सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून मीच तो आत कोंबला होता आणि घट्ट बसावा म्हणून लाटण्याने ठोकला होता. हीच ती हुशारी. इंजिनाला श्वास सोडायला जागाच नव्हती. बिचारे सुरू कसे होणार? तरीही मी म्हणणार होतो की हे कुणीतरी मुद्दाम केले असावे, तोंड उघडलेही होते. तेवढ्यात हयवदन रावांनी चष्मा वर करून बनियनच्या काठावरची धोब्याची काळी खूण वाचली. पस्तीस वर्षे पत्ते वाचलेला माणूस. "एफ. एस. के., मेलिन मने," ते म्हणाले. वरचे घर. "इदु निम्मदे अल्वा?"

हो, माझाच, असे मी म्हणालो. हे मी दिवसभरात बोललेले पहिले खरे वाक्य.

गल्ली हसली. गिरीराज हसला नाही, हे मला जास्त लागले. तो एवढेच म्हणाला की गाडी फार नीट ठेवलेली आहे, आधी कुणाकडे होती? मी सांगितले. तो म्हणाला, तरीच.

नीला चारला परत आली. मी बनियन धुऊन दोरीवर वाळत घातला होता. तो पाहून ती सरळ आत गेली. शाळेत काय झाले ते मला भव्याकडून कळले (ती अर्धा दिवस रजा टाकून शाळेच्या फाटकाशी थांबली होती, तिला माझ्यामुळे साहेबांचे ऐकावे लागले). नीला दहा मिनिटे उशिरा पोचली. तक्ता लावला तर पोळीवर काळे कडे. मुख्याध्यापिका पुढे वाकून बघू लागल्या. नीलाने वर्गाला विचारले, "चार पोळ्यांतली एक करपली, तर किती हिस्सा उरला?" मुले ओरडली, तीन चतुर्थांश. एकाने विचारले, कुणी करपवली? ती म्हणाली, "आमच्या घरी एक इंजिनियर आहेत." मी इंजिनियर नाही हे तिला माहीत आहे. तिला नोकरी मिळाली, मामा. दिवाळीनंतर ३० तारखेला रुजू व्हायचे आहे.

मी तिची माफी मागितली. ती "हं" म्हणाली. त्या संध्याकाळी तिने बरोबर चार पोळ्या केल्या, त्यातली एक करपवली आणि ती माझ्या ताटात वाढली. मी निमूट खाल्ली.

आता तुमची माफी मागतो. तुम्ही अकरा वर्षे जपलेली वस्तू मला दिलीत आणि मी चार लोकांत तिला अडगळ म्हणालो, आणि तुमच्या गुडघ्यालाही मध्ये ओढले. गाडीत कसलाही दोष नव्हता आणि नाही. दोष कुठे होता ते धोब्याच्या शाईने लिहिलेले आहे. मी शनिवारी हयवदन रावांना, आणि खिडक्यांतल्या जेवढ्यांना गाठता आले तेवढ्यांना, हे कानडीतूनच सांगितले.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावे. थोरल्यांनी जसे रागवावे तसे रागवावे, पण उत्तर धाडावे.

तुमचा ओशाळलेला,
फत्तेसिंग

ता. क. दिवाळीला तुम्ही दोघे येणारच आहात. या वर्षी आठ दिवस आधी आलात तर नीलाला फार बरे वाटेल.

ता. क. दोन. येताना तुमचे पान्यांचे कापड आणि बारीक पेचकस आणावेत. गिरीराजने त्याच दिवशी कार्ब्युरेटर जोडून देतो म्हटले होते; मी म्हणालो, एवढे मला येते. कार्ब्युरेटर सध्या पोळ्यांच्या डब्यात आहे. नीला रोज पोळ्या ताटलीने झाकून ठेवते. मी सगळ्या भागांचे मापात चित्र काढले आहे, समोरून, बाजूने आणि वरून, ते सोबत पाठवतो. चित्र फार चांगले आले आहे. चित्रात चौदा भाग आहेत आणि डब्यात पंधरा. कोणता जास्तीचा ते तुम्हाला बघून कळेल. ३० तारखेला मला तिला गाडीवरून शाळेत सोडायचे आहे, एवढीच इच्छा आहे.

ता. क. तीन. पाकीट बंद केले होते, ते पुन्हा फोडून लिहितो. नीलाला विचारले की तुझे पत्र गेले का. ती म्हणाली, कसले पत्र? मी म्हणालो, बाबांना, बुधवारचे. ती म्हणाली, "ते मी बाबांना कशाला कळवू? त्यांना वाईट नाही का वाटणार?" म्हणजे ते वाक्य माझ्याशिवाय तुम्हाला कुणीच सांगणार नव्हते. मी पेन घेऊन ते खोडायला बसलो, तर ती म्हणाली, "राहू द्या. खोडलेलं बाबा उजेडात धरून वाचतात."